प्रोसेसरला घाम येत नाही

परीक्षा संपल्या की मेहरूणच्या आमच्या भागात दोन कामं एकदम सुरू होतात. खिडक्यांत कूलर चढतात, आणि इंजिनिअरिंगची, ॲनिमेशनची मुलं गोलाणी मार्केटच्या चकरा मारून सुटे भाग जमवतात आणि घरीच कॉम्प्युटर जोडायला बसतात. मला या यंत्रांचा जुना नाद आहे, हे गल्लीत माहीत असल्यानं त्यातली काही माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला असतो. "काका, आवाज न करणारं वॉटर कूलिंग कोणतं घेऊ?"

हा प्रश्न आरोग्याच्या सदरात कशाला, असं वाटेल. पण ओपीडीत याच घरांतली माणसं वेगळी तक्रार घेऊन येतात. मुलगा म्हणतो, झोप होत नाही, डोकं जड असतं. आजीचा रक्तदाब उन्हाळ्यात कमी-जास्त होतो, रात्रभर तळमळते. विचारत गेलं की कळतं, दोघं एकाच हॉलमध्ये झोपतात, आणि त्याच हॉलच्या कोपऱ्यात तो कॉम्प्युटर रात्री दोनपर्यंत चालू असतो. म्हणून माझं मत आधीच सांगतो. आपल्या जळगावात कूलिंग निवडताना प्रोसेसरचं तापमान दुय्यम धरावं. त्या खोलीत झोपणारी माणसं आधी. आणि तसं पाहिलं तर बऱ्याच घरांना वॉटर कूलिंग लागतच नाही.

'वॉटर' म्हटलं की आपल्याला माठ आठवतो, डेझर्ट कूलर आठवतो. पाणी आलं म्हणजे गारवा आला, अशी खानदेशी माणसाची समजूत असते आणि ती अनुभवातून आलेली असते. पण माठ गार होतो तो पाणी झिरपून बाष्प होतं म्हणून. कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमध्ये पाणी बंद नळ्यांतून फिरतं, त्याचं बाष्प होत नाही. ते फक्त हमालाचं काम करतं. प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून उष्णता उचलायची आणि रेडिएटरपर्यंत नेऊन टाकायची. तिथं पंखे हवा फेकतात आणि ती उष्णता खोलीत येते.

आपल्या शरीरातही अशीच सोय आहे. रक्त हे पाणी, हृदय हा पंप, त्वचा हा रेडिएटर. गरम व्हायला लागलं की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, चेहरा लालसर दिसतो, आतली उष्णता बाहेर येते. पण त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की ही सोय उलटी चालते, हवाच शरीराला तापवते. तेव्हा आपल्याला वाचवतो तो घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात ४५ अंशांत शेतात उभा असलेला माणूस ३७ अंशांवर टिकतो तो एवढ्याच बळावर.

प्रोसेसरला घाम येत नाही. म्हणून कितीही महागडा संच घेतला तरी त्यातलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. ते तिच्यापेक्षा काही अंश गरमच राहणार. कंपन्या आणि परीक्षणं करणारे जे आकडे दाखवतात ते साधारण २१ ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. तिथं प्रोसेसर ६८ अंशांवर राहिला, खोली २३ अंश होती, म्हणजे फरक ४५ अंशांचा. हा फरक तुमच्या घरीही जवळपास तेवढाच राहतो. खोली ३८ अंशांवर असेल तर प्रोसेसर ८३ वर. परीक्षण वाचताना 'खोलीचं तापमान किती होतं' हे आधी शोधा. ते दिलं नसेल तर ते परीक्षण आपल्या कामाचं नाही.

वॉटर कूलिंग खरोखर लागतं कुठं, याचं चांगलं उदाहरण पुण्यात आहे. आयसर संस्थेत राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनमधून 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसवलेला आहे. त्यात द्रव थेट प्रोसेसरच्या ठोकळ्यांपर्यंत नेलेला आहे. एका कपाटात इतके प्रोसेसर दाटीनं बसवलेले असतात, की नुसत्या हवेनं तेवढी उष्णता काढायची तर वादळच सोडावं लागेल. सारख्या आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजारांहून अधिक पट उष्णता सामावतं, म्हणून तिथं पाणी. पण त्या व्यवस्थेचा अर्धा जीव पुढे आहे. अशा ठिकाणी उचललेली उष्णता नळातून इमारतीबाहेर नेऊन टाकतात. घरच्या संचात रेडिएटर कॅबिनेटलाच लावलेला असतो. उष्णता प्रोसेसरवरून उचलली आणि दीड फुटावर, आपल्याच खोलीत, आजीच्या खाटेशेजारी टाकली.

किती उष्णता? शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. गेम किंवा रेंडरिंग चालू असताना बऱ्यापैकी ताकदीचा कॉम्प्युटर ४०० वॅट सहज घेतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा भाग शेवटी उष्णताच होतो. म्हणजे दार लावलेल्या खोलीत चार पाहुणे येऊन बसले, आणि ते रात्री दोनपर्यंत उठत नाहीत. पाच तासांत विजेची दोन युनिटं गेली ती वेगळीच. एक टनाचा एसी असेल तर त्याच्या ताकदीचा नववा हिस्सा या पाहुण्यांसाठीच खर्च होतो. ही उष्णता हवेच्या कूलरनं काढली काय आणि पाण्याच्या काढली काय, खोलीला फरक शून्य. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही.

पूर्वीच्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि वरचा मातीचा थर दिवसाचं ऊन अडवून धरायचा. आता सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खाली उष्णता सोडत राहतो. माझ्या भिंतीवरच्या तापमापकात मे महिन्यात रात्री दहाला ३६ अंश दिसणं नवलाचं नाही. झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि अशा खोलीत ते उतरत नाही. वयस्कर माणसांना घाम कमी येतो, तहानही कमी जाणवते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही मानसोपचाराची आणि ॲलर्जीची औषधं यांनी उन्हाळा आणखी अवघड होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा लावू नये, तो शरीर तापवतो. प्रोसेसरचं मात्र उलट आहे. तो ८० अंशांवर असतो, त्यामुळे ४२ अंशांची हवाही त्याला थंडच. आजचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेले आहेत, आणि त्यापुढे जायची वेळ आली तर स्वतःच वेग कमी करतात. त्याची काळजी तो घेतो. आजीला तशी सोय नाही.

आता आवाज. डेसिबलचं गणित साधं वाढत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे, तीही घराबाहेरची. चांगल्या झोपेसाठी शयनगृहात सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली सुचवलं. ३० म्हणजे कुजबुजीएवढा. जोरात फिरणारे तीन पंखे याच्या कितीतरी वर जातात. माणूस जागा झाला नाही तरी आवाजाच्या प्रत्येक उसळीला नाडी थोडी वाढते, झोप उथळ होते. सकाळी त्याला आठवत काहीच नाही, फक्त डोकं जड असतं.

अनुभव असा, की एकसुरी मंद घरघर माणसाला सवयीची होते. त्रास होतो तो चढ-उताराचा आणि किणकिणत्या सुराचा. पंखा दर मिनिटाला खाली-वर होणं किंवा पंपाची बारीक शिट्टी. आवाज मापायला गेलं तर कमी, पण रात्री एकदा ऐकू आली की मग तीच ऐकू येते. आणि मुलं यावर उपाय काय करतात? हेडफोन लावतात आणि पंख्याच्या वर आवाज चढवतात. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही सुरक्षिततेची मर्यादा मानली आहे, मुलांसाठी ७५. सुट्टीत रोज आठ तास हेडफोन असला की पाच दिवसांतच तास संपले. कानातल्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कॉम्प्युटर शांत असावा, हा हट्ट मला म्हणूनच योग्य वाटतो; मार्ग तेवढा चुकतो.

शांततेचा पहिला मार्ग म्हणजे उष्णता कमी तयार करणं. रायझेन ५ ७६०० हा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला आहे. कोअर आय-९ १४९००के जोरात धावताना २५३ वॅटपर्यंत जातो. अभ्यास, कोडिंग, साधं व्हिडिओ एडिटिंग आणि गेम यांसाठी पहिला पुरेसा आहे, आणि त्याला चांगला मोठा हवेचा कूलर लावला तर पंखा कुजबुजतो एवढंच. असा कूलर स्वस्त, त्यात पंप नाही, गळायला पाणी नाही, बिघडला तर बदलायचा तो फक्त पंखा. मोठा प्रोसेसर आधीच घेतला असेल तर बायोसमध्ये त्याची विजेची मर्यादा खाली आणता येते. काही ठिकाणी याला इको मोड म्हणतात. रोजच्या कामात फरक जाणवत नाही. बाजारात विकत मिळणारा कुठलाही संच देणार नाही एवढी शांतता ही फुकटची सेटिंग देते, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट मुलं विसरतात. गेम खेळताना मुख्य उष्णता प्रोसेसरची नसते, ग्राफिक्स कार्डाची असते. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचं, ४०९० हे ४५० वॅटचं. प्रोसेसरवर वॉटर कूलिंग बसवून या कार्डाचे पंखे गप्प होत नाहीत. पोटदुखीला डोळ्यांत थेंब टाकण्यातला हा प्रकार.

तरीही कुणाचं काम खरंच जड असतं. दिवसभर ॲनिमेशनचं रेंडरिंग करून त्यावर घर चालवणारी मुलं जळगावात आहेत. त्यांनी वॉटर कूलिंग जरूर घ्यावं, पण मोठं घ्यावं. २४० मिमीच्या रेडिएटरचं तोंड २८,८०० चौरस मिलिमीटर, २८० चं ३९,२००, ३६० चं ४३,२००. २८० चा संच दोनच पंख्यांत ३६० च्या जवळ जातो, आणि त्याचे १४० मिमीचे पंखे सावकाश फिरून तेवढीच हवा देतात. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. एकाऐवजी दोन सारखे पंखे लावले तर फक्त ३ डेसिबल वाढतो. म्हणजे मोठा रेडिएटर आणि सावकाश फिरणारे जास्त पंखे. आपल्याकडची हवा आधीच गरम असल्यानं पुण्या-मुंबईच्या माणसाला २४० चालत असेल तिथं आपल्याला एक पायरी वरचा लागतो.

पाण्याचा खरा गुण इथं कामी येतो. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. म्हणून पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर बांधू नये, पाण्याच्या तापमानावर बांधावा. ही सोय असलेलाच संच घ्यावा. मग एखादी फाइल उघडल्याबरोबर पंखे उसळत नाहीत. पंपाचा वेग एका जागी ठेवावा आणि तो थोडा थोडा कमी करत ती शिट्टी जिथं विरते तिथं थांबावं. बसवताना पंप सगळ्यात उंच जागी येऊ देऊ नका. सलाईन लावताना आमच्या सिस्टर नळीतली हवा आधी काढून टाकतात. इथं हवा काढता येत नाही, पण ती वर चढते एवढं नक्की. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असला की बुडबुडे तिथं जाऊन बसतात आणि पंप गुळगुळत नाही. जाळीवरची धूळ उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढा. आपल्या काळ्या मातीची ती बारीक धूळ रेडिएटरच्या पात्यांत बसली की वरचं सगळं गणित कोसळतं.

नळ्या, टाकी, द्रव सगळं स्वतः जोडायचे संचही मिळतात. दिसतात सुंदर, पण घरी लहान मूल असेल तर मी ते घेऊ देणार नाही, आणि याचं कारण तांत्रिक नाही. पहिल्यांदा मुलं त्यात बोअरचं पाणी घालतात. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसून छिद्रं बुजतात आणि आम्ल सोडून त्या धुवाव्या लागतात, हे इथल्या शेतकऱ्याच्या घरात पोरासोरांनाही माहीत असतं. प्रोसेसरच्या ठोकळ्यातल्या फटी त्या छिद्रांपेक्षाही बारीक. मग कुणीतरी सुचवतं, गाडीच्या रेडिएटरचा कूलंट घाल. त्यातल्या बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं, रंग सरबतासारखा असतो, आणि उरलेलं द्रव आपण कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून टेबलाखाली ठेवतो. पोटात गेल्यावर यकृत त्याचं विषारी आम्लांत रूपांतर करतं, ऑक्झलेटचे खडे मूत्रपिंडात साचतात, मूत्रपिंड बंद पडतं. लहान मुलाला दोन-चार चमचेही जीवघेणे ठरू शकतात. असं काही प्यायल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका. बाटली बरोबर घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. पहिल्या काही तासांत उपचार मिळाले तर मूत्रपिंड वाचू शकतं. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या संचात हा धोका घरी आणावाच लागत नाही.

एका हुशार मुलानं मला विचारलं होतं, डेझर्ट कूलरच्या टाकीतलं पाणीच कॉम्प्युटरमधून फिरवलं तर? कल्पना भौतिकशास्त्राला धरून आहे. त्या टाकीतलं पाणी खोलीपेक्षा खरंच गार असतं, कारण कूलर घाम गाळतो. पण त्या पाण्यात क्षार, शेवाळ आणि वाळ्याचे तुकडे असतात; आणि ती टाकी डेंग्यूच्या डासाचं आवडतं बाळंतपणाचं घर आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ती टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायची असते. कॉम्प्युटर जोडलेली टाकी दर आठवड्याला कोण सोडवणार? शिवाय ओला कूलर, त्याची पत्र्याची बॉडी आणि विजेची यंत्रं जवळ आली की अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये. कूलरच्या सरळ झोतातही कॉम्प्युटर ठेवू नका. हवा गार मिळते खरी, पण उडालेले थेंब सुकले की पांढरे क्षार मदरबोर्डवर राहतात. झोताच्या बाजूला, जमिनीपासून थोडा उंच, आणि त्याची पाठ उघड्या खिडकीकडे, म्हणजे गरम हवा कूलरच्या रेट्याबरोबर बाहेर जाईल.

एप्रिल-मेमध्ये कूलरच इतका घरघरतो की कॉम्प्युटरचा आवाज कुणाला ऐकूही येत नाही. या दोन-तीन महिन्यांत चिंता उष्णतेची करावी, आवाजाची बाकीच्या दिवसांत. जड रेंडरिंग रात्री दहाला लावून झोपण्याऐवजी सकाळी सहाला लावा. आपल्याकडे सूर्योदयाच्या सुमारास हवा सगळ्यात गार असते, घर जागं झालेलं असतं, खिडक्या उघड्या असतात. दहा वाजेपर्यंत चार तास मिळतात.